घरातल्या मंडळींना 'स्टार ट्रेक' कोणत्या भागापासून दाखवावे?

उत्तररात्र

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय पंचेचाळीस, आणि कॉलेजात असल्यापासून 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन मालिका पाहते आहे. इतकी वर्षे हा छंद मी एकटीनेच सांभाळला. रात्री ओटा आवरून झाला, दुधाला विरजण लावले आणि सकाळसाठी मटकी भिजत घातली की साडेदहाला हेडफोन लावून एक भाग पाहायचा, असा माझा नेम आहे आणि घरात त्याला 'आईचे यान' असे नाव पडले आहे. यान सुरू असताना मला कोणी हाक मारत नाही, हा त्यांचा चांगुलपणा. परंतु त्या यानात नेमके काय चालते, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलेले नाही, याचे मला अलीकडे वाईट वाटू लागले आहे.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर दोन तास दिवाणखान्यातला मोठा टीव्ही रिकामा असतो, कारण सासूबाईंच्या मालिका त्या वेळी नसतात आणि क्रिकेटही रोज नसते. ते दोन तास मी मागून घेतले. प्रेक्षक तीन: सासूबाई (वय शहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका; इंग्रजी वाचतात, पण भराभर बोललेले त्यांना पकडता येत नाही), यजमान आणि तेरा वर्षांचा मुलगा. प्रामाणिकपणे पहिल्यापासून सुरुवात करावी म्हणून मी माझ्या आवडत्या 'नेक्स्ट जनरेशन' या (मूळ मालिकेनंतर आलेल्या) मालिकेचा १९८७ सालचा दोन तासांचा आरंभीचा भाग लावला. विसाव्या मिनिटाला मुलगा मोबाइल घेऊन उठला आणि तिसाव्या मिनिटाला यजमान घोरू लागले. सासूबाई शेवटपर्यंत बसल्या, पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही एवढी मोठाली माणसं अंगाला चिकटलेले झोपायचे कपडे घालून कामावर का येतात गं?"

मला आणखी एक रविवार मिळाला आहे. तो वाया गेला तर पुन्हा मिळेल असे वाटत नाही. जाणकारांनी एखादा भाग सुचवावा.

जुनाट_अँटेना

ताई, आपल्या सासूबाईंनी जे विचारले तेच त्या नटांनीही विचारले होते, एवढे त्यांना जरूर सांगा. पहिल्या दोन पर्वांतले ते गणवेश ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, एकसंध आणि मुद्दाम अंगापेक्षा कमी मापाचे शिवलेले होते. कॅप्टन पिकार्डची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक स्ट्युअर्ट यांना त्यामुळे पाठदुखी मागे लागली आणि तिसऱ्या पर्वापासून लोकरीचा दोन तुकड्यांचा गणवेश आला. तो कोट बसताउठता वर सरकत असे, म्हणून पिकार्ड दर थोड्या वेळाने तो दोन्ही हातांनी खाली ओढताना दिसतात. या लकबीला चाहत्यांनी 'पिकार्ड डावपेच' असे लष्करी थाटाचे नाव ठेवले आहे. आमच्या घरी माझी नात सदरा खाली ओढून माझीच नक्कल करते, कारण ती सवय मला कधी लागली ते मलाही कळले नाही.

मी नाशिकचा, वय बासष्ट. मूळ मालिका मी दूरदर्शनवर रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरी पाहिली आहे. चित्र हलू लागले की त्यांचा थोरला मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि आम्ही खिडकीतून "आलं, आलं, गेलं" असे ओरडायचो. यानावरचे तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक यांचे निम्मे तर्कशास्त्र त्या ओरड्यात बुडाले. तरीही माझे मत असे आहे की आरंभापासून आरंभ करण्याचा हट्ट सोडावा. 'नेक्स्ट जनरेशन'चे पहिले पर्व चाचपडत चालले आहे, आणि १९८८ च्या लेखकसंपामुळे दुसरे पर्व इतके अडचणीत आले की त्याचा शेवटचा भाग जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून उरकावा लागला. त्याच पर्वात १९८९ च्या फेब्रुवारीत दाखवलेला 'द मेझर ऑफ अ मॅन' मात्र अपवाद आहे. त्यात डेटा या यंत्रमानवाची मोडतोड करून अभ्यास करायचा, तर त्याची संमती लागते की तो सरकारी मालमत्ता आहे, असा खटला उभा राहतो. आणि डेटाच्या विरुद्ध वकिली करण्याची पाळी त्याच्या स्वतःच्या सहकाऱ्यावर येते. आपल्याकडे कोर्टाचा प्रसंग सुरू झाला की माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे सासूबाई बसतील आणि यजमानही जागे राहतील.

एक तांत्रिक सूचना. 'नेक्स्ट जनरेशन'चे चित्रीकरण फिल्मवर झाले होते, परंतु संकलन व्हिडिओ टेपवर केले होते. २०१२ पासून मूळ फिल्म बाहेर काढून प्रत्येक भाग नव्याने जोडला गेला, म्हणून तो मोठ्या पडद्यावर लख्ख दिसतो. 'डीप स्पेस नाईन' आणि 'व्हॉयेजर' या नंतरच्या मालिकांच्या वाट्याला एवढा खर्च आला नाही. पुढे कधी त्या मालिका लावल्यात आणि चित्र धुरकट दिसले, तर टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. मी बोलावला होता.

शंकासुर

अँटेनाकाकांच्या वयाचा मान राखून मतभेद नोंदवतो. मधलाच भाग उचलून दाखवणे म्हणजे थेट सुंदरकांडापासून रामायण सुरू करण्यासारखे आहे. हनुमान कोण, हेच ज्याला ठाऊक नाही त्याला उडीचे काय कौतुक वाटणार? १९६६ ते १९६९ या काळातली मूळ मालिका एकोणऐंशी भागांची आहे. तिथूनच सुरुवात करावी, कारण या विश्वाची रीतभात तिथे ठरली, आणि तीही पुष्कळदा पैसे नव्हते म्हणून ठरली. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसे एका ठिकाणी विरघळून दुसऱ्या ठिकाणी प्रकट होण्याची युक्ती निघाली. यानाचे दरवाजे आपोआप उघडतात ते भिंतीमागे उभा असलेला माणूस ते ओढतो म्हणून. डॉक्टर मॅककॉय यांची काही उपकरणे तर मिठाच्या कुप्या आहेत: ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या पहिल्याच भागात मीठ शोषणारा प्राणी होता, त्यासाठी निरनिराळ्या घाटाच्या कुप्या आणल्या, पण त्या इतक्या चमत्कारिक दिसू लागल्या की ही मिठाची कुपी आहे हे प्रेक्षकाला कळणार नाही अशी भीती वाटली, आणि त्यांची रवानगी दवाखान्यात झाली. तेरा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगा आणि मग १९६७ चा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' दाखवा. धान्याच्या कोठारातून ट्रिबल नावाच्या केसाळ गोळ्यांचा ढीग कप्तान कर्कच्या डोक्यावर कोसळतो, तेव्हा तो मोबाइल खाली ठेवील.

पोटोमॅककाठी

दोन्ही सूचना चांगल्या आहेत, परंतु उत्तररात्र यांच्या पत्रातला एक तपशील दोघांनीही सोडून दिला: सासूबाईंना भराभर बोललेले इंग्रजी पकडता येत नाही. खटल्याचा भाग सगळा युक्तिवादावर उभा आहे आणि ट्रिबल्सचा भाग शाब्दिक कोट्यांवर. त्या माउलीने काय करायचे?

मी मेरीलँडमध्ये राहतो. २०१७ साली माझी आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा तिला वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात नेले. मूळ मालिकेत वापरलेली एंटरप्राइज या यानाची प्रतिकृती तिथे आहे, अकरा फुटांहून थोडी लांब, बरीचशी लाकडाची. मी भक्तिभावाने उभा होतो आणि आई पलीकडून फिरून येऊन म्हणाली, "अरे, याची एक बाजू करायची राहिलीये." ते खरे होते. दिव्यांच्या तारा डाव्या अंगाने आत घेतल्या होत्या, त्यामुळे ती बाजू कधी पूर्ण रंगवलीच नाही आणि चित्रीकरण उजव्या बाजूने केले. चाळीस वर्षे देवळाचा दर्शनी भाग पाहत आलेल्या मला मागची भिंत आईने दाखवली.

त्याच रात्री मी तिला 'डारमॉक' दाखवला. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या पर्वातला हा दुसरा भाग, ३० सप्टेंबर १९९१ रोजी प्रथम दाखवलेला. यात पिकार्ड यांची गाठ टॅमेरियन नावाच्या लोकांशी पडते. भाषांतरयंत्र त्यांचा शब्द नि शब्द उलगडून देते आणि तरीही अर्थ लागत नाही, कारण ते लोक फक्त विशेषनामे आणि प्रसंग बोलतात: 'तनाग्राला डारमॉक आणि जलाद', 'भिंती पडल्या तेव्हाचा शाका'. कोण डारमॉक, कुठले तनाग्रा, हे एंटरप्राइजवर कोणालाच ठाऊक नसते. म्हणजे ज्याला इंग्रजी फाडफाड येते आणि ज्याला येत नाही, ते दोघेही या भागात एकाच पायरीवर उभे असतात, आणि असा दुसरा भाग मला माहीत नाही. एवढेच पथ्य पाळा की ती वाक्ये कानावर येतील तशी येऊ द्या आणि त्यांचा अर्थ मुळीच सांगू नका. बाकीचे संवाद मात्र मध्ये थांबवून मराठीत सांगा.

शंकासुर

'डारमॉक' मलाही आवडतो, पण तर्काला तो टिकत नाही. केवळ दाखल्यांनी बोलणारे लोक यान कसे बांधतील? 'तिसऱ्या नळीचा स्क्रू पाव फेरा आवळ' हे कोणत्या पुराणकथेत बसवणार? शिवाय त्यांच्या मुलांना मुळात त्या कथा कळतात कशा? कथा सांगायला साधी भाषा लागते, आणि ती तर त्यांच्याकडे नाही. हा आक्षेप नवा नाही; मला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, इतकेच.

उत्तररात्र

सर्वांचे आभार. परवा रविवारी 'डारमॉक' पाहिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी पुढचा मजकूर वाचू नये.

पोटोमॅककाठी यांनी सांगितलेले पथ्य पाळले. दर दोन मिनिटांनी थांबवून कीर्तनकार बुवांसारखी मी पूर्वरंग-उत्तररंग करत होते आणि टॅमेरियन बोलू लागले की गप्प बसत होते. पहिली दहा मिनिटे सासूबाई निवडायला घेतलेल्या मेथीकडे पाहत होत्या. मग टॅमेरियन कप्तान डेथॉन पिकार्डना ग्रहावर घेऊन जातो, रात्री थंडीत पिकार्डना शेकोटी पेटवता येत नाही, आणि तो आपल्या शेकोटीतले जळते लाकूड त्यांच्याकडे टाकत म्हणतो, 'टेम्बा, हात पसरलेले.' सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि त्या म्हणाल्या, "अगं, हा सुदाम्याचे पोहे म्हणतोय. घे म्हणतोय, माझ्याकडे एवढंच आहे." पिकार्डना त्यानंतर आणखी बराच वेळ लागला.

पुढे तर मला थांबवून सांगण्याची गरजच उरली नाही. शाकाच्या भिंती पडल्या की सासूबाई "विश्वास पानिपतात गेला" म्हणत, आणि मुलगा हसू लागला, कारण हे वाक्य त्याने आजीकडून शंभरदा ऐकले होते, पण त्यातला विश्वास हा माणूस होता हे त्याला त्या दुपारी कळले. मग त्याने विचारले की 'ध चा मा' हेही टॅमेरियनच आहे का, आणि आजीने भाग थांबवायला लावून त्याला शनिवारवाड्याची गोष्ट सांगितली. ती भागापेक्षा लांबली. यजमान जागे होते.

पिकार्डना डेथॉनचे बोलणे उमगते तोवर डेथॉन ग्रहावरच्या एका श्वापदाच्या हल्ल्यात घायाळ झालेला असतो. पिकार्ड त्याला आपल्याकडची गिल्गमेश आणि एन्किडू यांची कथा सांगतात आणि ती ऐकता ऐकता तो प्राण सोडतो. मैत्री जुळली, पण जुळवणारा राहिला नाही. खोलीत कोणी बोलले नाही. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "गड आला पण सिंह गेला." मी हा भाग किमान वीस वेळा पाहिला असेल, मला हे कधी सुचले नव्हते, आणि आता तो दुसऱ्या कोणत्या शब्दांत आठवेल असे वाटत नाही.

शंकासुर, आपला आक्षेप मी चहाच्या वेळी सासूबाईंपुढे ठेवला. मुले कथा कशा शिकतात, याला त्यांचे उत्तर असे: "वर्षाच्या पोराला घास भरवताना चिऊकाऊची गोष्ट सांगतो, तेव्हा त्याला शेण आणि मेण कुठं ठाऊक असतं? दार वाजवून दाखवायचं, 'थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते' म्हणून दाखवायचं. गोष्ट आधी येते, शब्द मागाहून येतात. मी पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय." स्क्रूबद्दल त्यांनी काही सांगितले नाही.

शंकासुर

पहिल्या मुद्द्यावर माघार घेतो. पहिलीच्या बाईंशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. स्क्रूवर मी ठाम आहे.

जुनाट_अँटेना

ताई, वाचून फार आनंद झाला. पुढच्या रविवारी 'द इनर लाइट' लावा. तोही त्याच पाचव्या पर्वातला, १९९२ च्या जून महिन्यातला आहे. पिकार्ड पंचवीस मिनिटांच्या बेशुद्धीत दुसऱ्याच एका ग्रहावर संसार करतात, बासरी शिकतात, नातवंडे पाहतात आणि म्हातारे होतात. बोलणे संथ आहे, त्यामुळे फारसे थांबवावे लागणार नाही. फक्त मेथी आधी निवडून घ्या.

उत्तररात्र

काका, तोच लावायचा विचार होता, परंतु मुलाने ट्रिबल्सची मागणी नोंदवली आहे आणि आजीने त्याला दुजोरा दिला आहे, कारण मिठाच्या कुप्यांची हकिकत मी जेवताना सांगितली. काल रात्री साडेदहाला मी हेडफोन शोधत होते, तर सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ते कानात घालू नकोस. त्या टकल्या कप्तानाचं पुढं काय झालं ते लाव." मटकी भिजत घालायची राहिली.