मदत हवी आहे: नवरा बेपत्ता, घटस्फोट नाही, बालसंगोपन योजनेसाठी कोणता पुरावा चालतो?

आमच्या वस्तीतल्या एका ताईंसाठी विचारते आहे. नवरा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, पत्ता नाही. मुलं ९ आणि ६ वर्षांची, दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत. ताई स्वयंपाकाची कामं करून महिन्याला साधारण ६,००० रुपये मिळवतात. म्हणजे संजय गांधी निराधार योजनेची वार्षिक २१,००० ची उत्पन्न मर्यादा ओलांडली जाते, ती वाट बंद.

म्हणून अनाथ किंवा एकाच पालकाकडे असलेल्या मुलांच्या संगोपनासाठी सरकारी मदत देणाऱ्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. दर बालकामागे महिना २,२५० रुपये, दोघांचं मिळून घरभाडं तरी निघेल. सोबत आधार, तहसीलचा उत्पन्न दाखला, शाळेचं बोनाफाईड, घरासमोर मुलांसह काढलेला फोटो, मुलांची बँक पासबुकं जोडली. अर्ज परत आला. शेरा: ‘पती विभक्त असल्याचा पुरावा नाही.’ ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र दोन्ही नाकारलं. अडचण अशी की शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख अजून नवराच आहे, आणि पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद तेव्हा कुणी केलीच नाही. सात वर्षं झालेली नसल्याने मृत्यू गृहीत धरण्याचा मार्गही नाही.

घटस्फोटाचा दावा ताईंना नको आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो हे माहीत आहे, पण निकालापर्यंत थांबणं मुलांना परवडणार नाही.

या योजनेचे अर्ज मंजूर करणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे अशी प्रकरणं नेलेल्यांनी कृपया सांगा: आता उशिरा केलेल्या बेपत्ता तक्रारीची पोच पुरते, की पोटगीचा अर्ज दाखल केल्याची प्रत लागते? आणि शिधापत्रिका आधी वेगळी करून घ्यावी का?