मदत हवी आहे : नॉर्थ कॅरोलायनातील ओपिऑइड तडजोड निधी आणि काउंटीचा खर्च

नमस्कार मंडळी. काउंटी अर्थसंकल्पाची माहिती असलेल्यांकडून, विशेषतः रॅली-केरी भागातल्या मराठी लोकांकडून, मदत हवी आहे.

ओपिऑइडच्या (व्यसन लावणाऱ्या अफूसारख्या वेदनाशामक औषधांच्या) खटल्यांत औषध वितरक आणि उत्पादक कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून आलेल्या पैशांपैकी 85 टक्के इथे काउंट्या व शहरांना मिळतात, 15 टक्के राज्याला. काउंटीने हा निधी वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो आणि कोणत्या उपायावर, किती रक्कम, किती काळासाठी, हे काउंटीच्या आयुक्त मंडळाच्या ठरावात नमूद करायचं असतं. वर्षअखेर आर्थिक अहवालही द्यावा लागतो.

राज्य आणि काउंट्या यांच्यातला मूळ करार, राज्याचा ऑनलाइन डॅशबोर्ड आणि आमच्या मंडळाची इतिवृत्तं वाचून झाली. एका ठरावात तुरुंगातल्या कैद्यांच्या व्यसनोपचाराला रक्कम मंजूर आहे. हा उपाय करारातल्या मान्य उपायांच्या यादीत बसतो, त्यावर माझा आक्षेप नाही, उलट तो अत्यंत गरजेचा आहे. पण त्याच कामासाठी आधी काउंटीच्या स्वतःच्या तिजोरीतून जाणारी रक्कम नव्या अर्थसंकल्पात कमी दिसते. म्हणजे उपचार वाढले, की फक्त पैशाचा उगम बदलला? ज्या पैशांमागे इतके मृत्यू आहेत, त्यांच्याबाबत हे कळायलाच हवं.

वकील परवडणार नाही. माहितीसाठी लेखी अर्ज करायची तयारी आहे. अर्जात नेमकी कोणती कागदपत्रं मागितली तर जुना आणि नवा खर्च ओळीने ताडून पाहता येईल?