पांडूच्या मृत्यूचा दोष माद्रीच्या माथी का?

पंचवटीकर:
परवा नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, कीर्तनात पांडूचे आख्यान झाले. माद्रीच्या रूपाने राजाचा घात केला, असे बुवांनी सांगितले आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच पटले नाही. मृगरूपात रममाण असलेल्या किंदम ऋषीला बाण मारला पांडूने, आणि कामवश होऊन पत्नीजवळ जाशील तेव्हा मरशील, हा शापही मिळाला पांडूलाच. महाभारताच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाचा ११६ वा अध्याय उघडून पाहावा: वसंतातल्या त्या वनात राजाने माद्रीला बळाने धरले आणि ती सर्व शक्तीनिशी त्याला अडवत होती, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे.

सातपूरचा वाचक:
तोच अध्याय आपण आणखी थोडा पुढे वाचावा. राजाला मी सतत जपत आले, त्याला जपणे तुझेही काम होते, मग एकांतात तू त्याला मोहात कसे पाडलेस, असे कुंतीच माद्रीला विचारते. म्हणजे हा आरोप बुवांच्या पदरचा नाही. तो सवतीच्या तोंडी ग्रंथातच आहे.

पंचवटीकर:
आहे, पण नवऱ्याच्या कलेवराशेजारी उभ्या असलेल्या बाईचा तो आक्रोश आहे. त्याला निवाडा कसे म्हणावे? लगेच पुढे तीच कुंती म्हणते की तू धन्य आहेस, राजाचा हर्षित चेहरा तुला पाहायला मिळाला. यात दोषारोपापेक्षा हेवाच अधिक दिसतो. शिवाय माद्रीचे उत्तर बुवांनी का गाळले? मी त्याला वारंवार अडवले, पण त्याने स्वतःला आवरले नाही, असे ती सांगते.

गोदाकाठ:
आपण दोघेही शापाकडे पाहतच नाही. मृगया हा राजांचा धर्मच आहे, असा युक्तिवाद पांडूने अगस्त्यांचा दाखला देऊन केला होता. त्यावर ऋषीने उत्तर दिले की मारल्याबद्दल माझा राग नाही, मैथुन संपेपर्यंत तू थांबला नाहीस याबद्दल आहे. एवढ्यासाठी आयुष्यभराची शिक्षा! ज्या दशरथाला रामाने आपल्या रामकुंडावर पिंड दिले अशी श्रद्धा आहे, त्यालाही शिकारीतल्या बाणापायीच शाप मिळाला, आणि त्याच्या मरणाचा बोलही लोक कैकेयीलाच लावतात.

सातपूरचा वाचक:
कैकेयीने वर तोंडाने मागितले होते, त्यामुळे ही तुलना टिकत नाही. माद्रीपुरते विचारतो: ती निर्दोष होती, तर चितेवर का चढली?

पंचवटीकर:
तिची कारणे तिनेच दिली आहेत. राजाची इच्छा माझ्यापाशी अपुरी राहिली, हे एक. आणि तुझ्या मुलांशी मला आपल्या मुलांसारखे वागता येणार नाही, हे दुसरे. नकुल-सहदेवांना कुंतीच्या ओटीत घालताना स्वतःच्या मनाचा इतका रोखठोक हिशोब ती मांडते, पण त्या हिशोबात राजाला भुलवल्याची कबुली कुठेच नाही.