डब्यांची वूड गॅस शेगडी केली, पण जाळ कमी आणि धूरच जास्त

भटकापाय:
मंडळी, कॅम्पिंगला न्यायला दोन डब्यांची वूड गॅस शेगडी (लाकडातून सुटणारा गॅस जाळणारी) बनवली. मोठ्या डब्यात लहान डबा बसवलाय, लहान डब्याच्या बुडाला भरपूर भोकं आणि वरच्या काठाखाली एक ओळ भोकांची, बाहेरच्या डब्याला खालच्या बाजूने भोकं. व्हिडिओत वरच्या भोकांतून जाळाच्या जिभा आत येताना दिसतात आणि धूर नावालाही नाही, माझी मात्र दोन-तीन मिनिटं मस्त पेटते आणि मग जाळ अचानक विझतो आणि पांढरा जाड धूर सुटतो, डोळे नुसते चुरचुरतात. परत काडी लावली की भप्पकन पेटते. लाकडाचे तुकडे काठोकाठ भरले होते, खाली कागद घालून पेटवलं. पातेल्याचं बूड काळंकुट्ट झालंय. कुठे चुकतंय?

निखारा:
तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय बघा. काडी लावल्यावर भप्पकन पेटतो म्हणजे तो पांढरा धूर हाच तुमचा गॅस आहे, तो तयार होतोय पण जळायच्या आधीच निसटून जातोय.

पहिली गोष्ट म्हणजे ही शेगडी वरून पेटवायची, चुलीची सवय असते म्हणून आपण खालून पेटवतो आणि तिथेच घोळ होतो. खालून पेटवलं की सगळं लाकूड एकदम तापतं, एवढा गॅस सुटतो की वरची हवा त्याला पुरत नाही. वरून पेटवलं की आच हळूहळू खाली सरकते, लाकूड साधारण २५०-३०० अंशांच्या पुढे गेलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, डांबराची वाफ असं सगळं बाहेर पडतं, ते वरच्या तापलेल्या कोळशातून जातं आणि वरच्या भोकांपाशी गरम हवा मिळून पेटतं. ही हवा दोन डब्यांच्या मधल्या फटीतून तापत वर येते, दुसरा डबा लावायचा तो त्यासाठीच. वरून पेटवायची ही कल्पना अमेरिकेतल्या टॉम रीड यांनी १९८५ मध्ये मांडली.

दुसरं, काठोकाठ भरू नका!! लाकूड वरच्या भोकांच्या बोटभर खालीच थांबलं पाहिजे, नाहीतर गॅस आणि हवा मिसळायला जागाच राहत नाही.

पत्रेवाला:
निखारा यांचं बरोबर आहे पण मला अजून एक शंका येते, आतला डबा बाहेरच्या डब्याच्या झाकणात घट्ट बसलाय का? तिथे फट राहिली तर तापलेली हवा भोकांतून आत न येता काठावरूनच निघून जाते. माझ्या पहिल्या शेगडीत नखभर फट होती, तेवढ्याने पूर्ण खेळ बिघडला. झाकणाला मधून त्रिकोणी काप देऊन ते काप आत दुमडले की डबा गच्च बसतो.

आणि पातेलं थेट काठावर ठेवत असाल तर काजळी धरणारच, जाळ पूर्ण व्हायच्या आधीच थंड बुडाला लागतो. तीन-चार सेंटीमीटर उंच स्टँड करा, वाऱ्याच्या बाजूने आडोसा करा.

डबे जीआय पत्र्याचे नाहीत ना? जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर छातीत जातो, ताप भरतो. स्टीलचेच घ्या, आणि आतून कोटिंग असेल तर पहिली एक-दोन जाळणं मोकळ्यावर, वाऱ्याला पाठ करून, पातेलं न ठेवता करा.

भटकापाय:
स्टीलचेच आहेत, चुंबक लावून बघितलं तर थोडं चिकटतं, चालेल ना?

पत्रेवाला:
चुंबकावरून कळत नाही हो, जीआयलाही चिकटतं. राखाडी पत्र्यावर फुलं फुलल्यासारखे डाग दिसतात का बघा, तसं असेल तर नको.

भटकापाय:
डाग नाहीत. आज परत केली!! फट होतीच, ती बंद केली, अंगठ्याएवढे सुके तुकडे भोकांच्या खालपर्यंत भरले, वर बारीक काटक्या ठेवून पेटवलं. सुरुवातीला मिनिटभर थोडा धूर, मग एकेका भोकातून पिवळ्या जिभा आत वळायला लागल्या आणि आवाज पण येतो, हलका फुर्र असा. एक लिटर पाणी दहा मिनिटांत उकळलं. खूप आनंद झाला, खरंच आभार. मध्येच जाळ कमी होतोय असं वाटून वरून मूठभर लाकूड टाकलं तर परत धूर झाला, तेवढं सोडून.

निखारा:
एकदम मूठभर टाकलं की वरचा जाळच दडपतो. टाकायचंच तर एकेक बारीक काडी, नाहीतर भरलेलं संपू द्या आणि मग परत भरा. शेवटी जाळ बसला की आत कोळसा उरतो.

रानवारा:
त्या कोळशाबद्दल एकच, कळकळीने सांगते. धूर नाही, जाळ नाही म्हणून ऊबेसाठी शेगडी टेंटमध्ये घेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतच असतो, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. बाहेरच पाणी ओतून विझवा, ढवळून परत ओता, राख हाताला थंड लागली की मगच डबा पिशवीत भरा.