ए विंग ग्रुप: वन बीएचकेला राउटर कोणता घेऊ?

ए-२०३ मेघना: नमस्कार, आम्ही गेल्या महिन्यात भाड्याने आलोय. राउटर सुचवा ना कोणीतरी, फायबर आहे १०० एमबीपीएसचं, हॉलमध्ये ठीक चालतं पण बेडरूममध्ये मीटिंगला बसलं की माझं थोबाड अडकतं आणि साहेब म्हणतात आवाज तुटतोय. बजेट दोन हजार, फार तर अडीच. आणि मोडेम वेगळा घ्यावा लागतो का?

ए-१०१ काका: मोडेमचे दिवस गेले हो. २००५ साली टेलिफोनच्या वायरवर ब्रॉडबँड आलं तेव्हा लागायचा, मध्ये स्प्लिटरची डबी, ती काढली की फोनवर नुसती खरखर. २५६ केबीपीएस आणि आम्ही खूश.

ए-४०२ समीर: 😄 मेघनाताई, फायबरवाल्याने लावलेला डबा बघा, हिरव्या टोकाची बारीक वायर ज्यात जाते तो, तोच तुमचा मोडेम, त्याला ओएनटी म्हणतात. साधा राउटर त्याच्याऐवजी चालत नाही, त्याला लॅन केबलने जोडायचा. दुकानात मोडेम-राउटर म्हणून काही गळ्यात मारायला लागले तर नको म्हणा, बऱ्याचदा ते काकांच्या जमान्यातलं टेलिफोन लाइनचं असतं. डबा लावलाय कुठे?

मेघना: दाराजवळ चपलांच्या कपाटात. घरमालकांनीच लावून घेतलाय, दिसायला नको म्हणून

समीर: आणि त्याच्या आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला लोखंडी कपाट?

मेघना: हो!! तुम्हाला कसं कळलं

समीर: आपले सगळे वन बीएचके एकाच साच्यातले, कपाटाला दुसरी भिंतच नाही. आधी पैसे खर्च करू नका, लॅपटॉप घेऊन डब्याशेजारी उभ्या राहा, फाइव्ह जी नावाचं वायफाय जोडा (मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचं), स्पीड टेस्ट घ्या, मग बेडरूममध्ये घ्या, दोन्ही आकडे इथे टाका.

ए-३०१ सुलभा काकू: माझ्या मुलाने चार हजाराचा आणून दिला, सहा अँटेना, टेबलावर कोळी बसल्यासारखा दिसतो. तरी स्वयंपाकघरात मालिका गोल गोल फिरतच राहते. आता फ्रिजवर ठेवलाय.

समीर: काकू फ्रिजवरून उतरवा आधी, तोही पत्र्याचाच. शोकेसवर उंच आणि मोकळा ठेवा.

मेघना: डब्याजवळ ९३, बेडरूममध्ये ११ 😐

समीर: म्हणजे लाइन चोख आहे, वायफायच पोचत नाहीये. घ्यायचाच झाला तर डुअल बँड घ्या, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा, खोक्यावर एसी१२०० लिहिलेलं असतं. एन३०० आणि मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस बघून भुलू नका, तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि माझ्या फोनवर आत्ता शेजाऱ्यांची १९ वायफाय दिसतायत, बाजारात तीन रस्ते आणि सगळ्यांच्या गाड्या तिथेच असा प्रकार. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी जातं पण वन बीएचकेला पुरतं. दुसरं म्हणजे पोर्ट बघा, लॅन केबल खोचायची जागा, १०/१०० असेल तर उद्या प्लॅन २०० चा केला तरी शंभराच्या आतच मिळणार, १०/१००/१००० हवा. माझ्याकडे टीपी-लिंकचा आर्चर सी६ आहे, दोन्ही गोष्टी आहेत त्यात.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा. उद्या गुरुवार आहे, सकाळीच पाणी भरून ठेवावे.

सेक्रेटरी: माझं ४९९ चं आहे पण बिल ५८९ येतं ते का

समीर: १८ टक्के जीएसटी काका

सुलभा काकू: आणि लाइट गेली की?

समीर: मिनी यूपीएस मिळतो. पण ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचून घ्या, बहुतेक १२ असतो, काही राउटरचा ९ असतो. आणि ओएनटी आणि राउटर दोघांनाही लागतो, नुसता राउटर चालू ठेवून नेट येत नाही 😄

मेघना: अपडेट. चपला काढल्या, डबा कपाटाच्या बाहेर काढून वरच ठेवला, वायर कुठे मुडपणार नाही असं बघितलं. बेडरूममध्ये ४६!! राउटर सध्या कॅन्सल.

ए-१०१ काका: वा! मग आता चपला कुठे?

मेघना: पॅसेजमध्ये

सेक्रेटरी: पॅसेजमध्ये चपला ठेवू नयेत.