पीट पोस्टलथ्वेटचं अजून काय बघू?

सातचा भोंगा:
काल रात्री सहज म्हणून 'ब्रास्ड ऑफ' (१९९६) लावला, म्हटलं अर्धा तास बघू आणि झोपू, तर दीड वाजला. यॉर्कशायरमधलं खाणीचं गाव, खाण बंद पडायच्या बेतात आणि खाणकामगारांचा ब्रास बँड. बँडमास्तर डॅनी म्हणजे पीट पोस्टलथ्वेट. गालफडं बसलेली, हाडं वर आलेली, नाक हे एवढं, हिरो सोडा, हिरोच्या काकाचं काम पण कोणी देणार नाही असं तोंड. आणि तरी तो फ्रेममध्ये आला की दुसरीकडे बघवत नाही!

बँडच्या स्पर्धेची सेमीफायनल जिंकून गावात येतात तर इकडे खाण बंद करायचं ठरलेलं, आणि हा तिथेच रस्त्यात कोसळतो. फुफ्फुसात कोळशाची धूळ. मग रात्री पोरं हेल्मेटचे दिवे लावून हॉस्पिटलखाली वाजवतात. माझे वडील लालबागला गिरणीत साचे खात्यात होते, ८२च्या संपानंतर परत गेले नाहीत, खोकला मात्र शेवटपर्यंत राहिला. त्यामुळे मी कितपत न्यूट्रल आहे माहीत नाही. पण त्या सीनला त्याने काहीच केलं नाही हो, नुसतं ऐकलं, आणि माझी वाट लागली.

तर यानंतर काय बघू? 'ज्युरासिक पार्क'च्या दुसऱ्या भागातला शिकारी तोच, एवढं माहितीये.

चष्मेबद्दूर:
'इन द नेम ऑफ द फादर', १९९३. डोळे झाकून. बेलफास्टचा जुझेपी कॉनलन म्हणजे पीट, मुलाला सोडवायला लंडनला येतो आणि स्वतःच आत जातो. खरी केस आहे, जुझेपी १९८० मध्ये कैदेतच वारले. (बापलेक एकाच कोठडीत, हे मात्र सिनेमाचं.) मुलगा झालेला डॅनियल डे-लुईस कोठडीत लहानपणीची फुटबॉल मॅच उकरून काढून बापावर ओरडत सुटतो आणि हा बहुतेक वेळ गप्प. बघताना मला ओरडणाऱ्याचं नाही, गप्प बसणाऱ्याचं तोंड बघायचं होतं. आणि गंमत बघा, पीटचा जन्म १९४६चा, डे-लुईसचा १९५७चा. अकरा वर्षांचा फरक आणि बापलेक! एकदाही खटकत नाही. पीटला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं होतं, बाहुली टॉमी ली जोन्स घेऊन गेला.

खवचट काका:
दोन्ही ठीक, पण दोन्हीकडे तो चांगला बाप आहे, तिथे रडवणं सोपं. १९८८चा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' बघा. लिव्हरपूलचं घर, मारकुटा बाप. नाताळच्या आदल्या रात्री झोपलेल्या पोरांकडे इतक्या मायेने बघतो की तुम्ही विरघळता, आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला सगळे बसलेत, तर टेबलक्लॉथ खेचून सगळं जेवण खाली, वर बायकोला म्हणतो आवर हे. आवाज ऐकूनच दचकलो. माणूस तोच, तोंड तेच, आणि आदल्या रात्रीची माया पण खोटी वाटत नाही. याला म्हणतात नट. बाकी स्पीलबर्गने त्याला जगातला बेस्ट ॲक्टर म्हटलं वगैरे तुम्ही ऐकलं असेलच. त्यावर तो स्वतःच सांगायचा, की स्पीलबर्ग खरं तर म्हणाला, 'पीटला वाटतं तो जगातला बेस्ट ॲक्टर आहे.'

मिसळ विथ पाव:
'युज्वल सस्पेक्ट्स' कोणीच नाही?? नाव जपानी, कोबायाशी, माणूस इंग्रज, आणि ॲक्सेंट आपल्या इकडचा वाटतो 😂 असं का ते सांगत नाही, स्पॉयलर होईल.

विंगेतला:
सिनेमावाले सगळे, नाटकाचं कोणी बोलेना. हा मुळात रंगमंचाचा माणूस. सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात होता, ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस ही सगळी मंडळी तेव्हा तिथेच. आणि २००८ साली, हॉलीवूड वगैरे सगळं करून, त्याच एव्हरीमनमध्ये 'किंग लिअर' करायला परत आला. २०११च्या जानेवारीत गेला म्हणजे बघा. एजंट सुरुवातीला आडनाव बदल म्हणून मागे लागला होता, कारण एवढं लांबलचक नाव दिव्यांनी लिहायचं तर विजेचं बिल परवडायचं नाही! नाही बदललं. मला त्याला बघून नेहमी निळूभाऊ आठवतात. 'सिंहासन'मधला दिगू घ्या, अर्धा वेळ नुसता बघत असतो, पण सिनेमा त्याच्या डोळ्यांतूनच चालतो.

सातचा भोंगा:
निळूभाऊंचं एकदम पटलं, कालपासून हा कोणासारखा वाटतोय तेच आठवत होतो. आज 'इन द नेम' लावतो, आई पण बसेल बघायला. काकांचा टेबलक्लॉथवाला ती गावी गेल्यावर एकटा बघेन.