सोडा, पॉप की कोक? तुम्ही काय मागितलंत आणि हातात काय आलं?

भाची अमेरिकेत सेंट लुइसला चार वर्षं काढून नुकतीच शिकागोला गेली. परवा फोनवर सांगत होती, "मावशी, कॅन्टीनमध्ये सोडा मागितला तर काउंटरवरची बाई विचारते, सेंट लुइसची का मिलवॉकीची?" शिकागो कोल्ड्रिंकला पॉप म्हणणाऱ्यांच्या मुलखात, आणि ही दोन शहरं म्हणजे त्याच मुलखातली सोडा म्हणणाऱ्यांची बेटं. पोरीच्या रंगारूपावरून नाही, एका शब्दावरून गाव ओळखलं बाईनं!

आपल्या कानाला सोडा म्हणजे बिनसाखरेचं फसफसतं पाणी. नाहीतर मग खायचा, नाहीतर धुण्याचा. गोड आणि रंगीत असेल तर कोल्ड्रिंक, विषय संपला. घराबाहेर पडलं की मात्र तो संपत नाही. तुमची अशी फजिती झाली असेल तर लिहा. गूगलून आणलेलं नको, स्वतःवर बेतलेलं हवं.

नाइट ड्यूटी
बॉस्टनजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. दुसरीच रात्र. नव्वदीच्या आजोबांनी बेल वाजवली आणि म्हणाले, "टॉनिक दे गं." मी चार्ट काढला. रक्तदाबाची गोळी आहे, झोपेची आहे, टॉनिक कुठेच नाही. म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येणार नाही. आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. "ऑरेंज टॉनिकला डॉक्टर कशाला?" मी आणखीनच गोंधळले, कारण आमच्या लहानपणी टॉनिक नारिंगीच असायचं आणि चमच्यानं मोजून मिळायचं. शेवटी त्यांनी बोटानं कोपऱ्यातला फ्रिज दाखवला. आत ऑरेंज सोड्याचे कॅन. तिकडची जुनी माणसं कुठल्याही फसफसत्या गोड पेयाला टॉनिक म्हणतात, हे सकाळी वरिष्ठ नर्सनं सांगितलं. ती स्वतः सोडाच म्हणायची. त्यानंतर कोणा तरुणाच्या तोंडून हा शब्द ऐकल्याचं आठवत नाही.

आळशी कासव
अलाबामा. मी म्हटलं, "एक कोक."
वेट्रेस : "कुठला?"
मला वाटलं, साधा की डाएट. म्हटलं साधा. तर तिनं एका दमात पाढा म्हटला, स्प्राइट, रूट बीअर, डॉक्टर पेपर, ऑरेंज. म्हणजे कोक ही जात आणि बाकीच्या पोटजाती. कोका-कोला 1886 साली शेजारच्याच जॉर्जियात, अटलांटाला जन्मलं, त्यामुळे घरचंच नाव सगळ्या गोतावळ्याला लागलं असावं. हसू नका, आपणही कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलोय.

मुक्काम पोस्ट
आमच्याकडे एकाच न्यूयॉर्क राज्यात दोन तट आहेत. आम्ही बफेलोला, दीर सिरॅक्यूजला, मधे गाडीचा दोनेक तासांचा रस्ता. आमची मुलं पॉप म्हणतात, त्यांची सोडा. दिवाळीला एकत्र जमलो की मोठ्यांच्या गप्पा राहतात बाजूला आणि चौघं पोरं एकमेकांना चिडवत बसतात. सासूबाई दोघांनाही कोल्ड्रिंकच विचारतात. त्यावर मात्र चौघंही एकजुटीनं हसतात.

पावशेर शहाणा
ग्लासगोत नोकरीच्या पहिल्या महिन्यात ऑफिसात छोटी पार्टी होती. एकजण म्हणाला, येताना जिंजरची बाटली आण. मी दुकानात आल्याचा रस, आल्याचं सरबत, झालंच तर आल्याचं लोणचंसुद्धा शोधून आलो. मिळाली ती जिंजर बीअरची बाटली नेली. सगळे खूश! कारण तिथे जिंजर म्हणजे कुठलंही फसफसतं पेय. माझी चूक कोणाला कळलीच नाही, आज पहिल्यांदा कबूल करतोय. जाता जाता, तिथे याला 'जूस'ही म्हणतात. फळाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

उनाड
कोस्टा रिकात कोणी म्हणालं, कोपऱ्यावर एक चांगला 'सोडा' आहे, तर बाटली शोधू नका. तिथे सोडा म्हणजे घरगुती जेवणाची छोटी खानावळ. मी तहानलेला गेलो आणि जेवून आलो.

सायकलवाली
मी दारू घेत नाही. इंग्लंडात राहिल्यामुळे सायडर म्हणजे सफरचंदाची दारू हे डोक्यात पक्कं. पुढे जपानला गेले. यजमानीणबाईंनी आपल्या सहा वर्षांच्या मुलापुढे आणि माझ्यापुढे सायडरचे पेले ठेवले. मी मुलाकडे बघते, आईकडे बघते, संस्कार वगैरे मनात येऊन गेलं. तिथला 'साइदा' म्हणजे बिनरंगाचं गोड फसफसतं पेय, थेंबभर दारू नाही. कोरियातही तेच.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलानं 'रामुने' आणलं. नाव लेमोनेडवरून आलेलं आणि बाटलीच्या गळ्यात चक्क गोटी! आपली गोटी सोड्याचीच बाटली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1870च्या दशकाच्या सुरुवातीला ती युक्ती काढली, आतल्या वायूचा दाबच गोटीला वरच्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो. मी अंगठ्यानं दाबून फोडायला गेले, निम्मी बाटली टेबलावर. मुलानं शांतपणे फडकं आणलं आणि दाखवलं, गोटी खाली ढकलल्यावर हात लगेच काढायचा नाही, फेस बसेपर्यंत तसाच दाबून ठेवायचा. पिताना गळ्यातल्या खाचेत गोटी अडकवायची, म्हणजे ती तोंडाशी येत नाही.

मधल्या बाकावरचा
तमिळनाडूत मित्राच्या गावी गेलो होतो. त्याच्या आजीनं विचारलं, "कलर वेणुमा?" मला एवढंच कळलं की कलर हवाय का. शर्टाकडे बघून नको म्हटलं. भर उन्हातून आलेला माणूस थंड प्यायला नको म्हणतो, म्हणून बिचारी हिरमुसली.

पाटीवरचा
धागाकर्तीनं गूगल नको म्हटलंय, पण हे पाठ आहे म्हणून लिहितो. सुरुवातीच्या कृत्रिम मिनरल वॉटरमध्ये सोड्याचे क्षार घालत, ते गेले तरी 'सोडा' हे नाव राहिलं. आणि 'पॉप' म्हणजे बूच उडाल्याचा आवाज. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीनं 1812 साली हेच कारण लिहून ठेवलंय. मराठीत त्याला 'फट्' म्हणावं का?

उनाड
ब्राझीलमध्ये कोल्ड्रिंकला रेफ्रिजेरान्ते म्हणतात. मी म्हटलं, फ्रिज कोण पितं?

धागाकर्ती
पाटीवरचा, 'फट्' नको, मुलं दिवसभर तेच म्हणत सुटतील! भाचीला धागा पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "मावशी, मी आता सरळ पाणी मागते."

परदेशी पाहुणा
तिला सांगा, जर्मनीत येऊ नकोस. मी रोज पाणी मागतो आणि रोज विचारतात, बुडबुड्यांचं की बिनबुडबुड्यांचं?